हैबतराव गुरुजींच्या पदवीची आणि कुंडवाडीच्या रिकाम्या पदाची बखर

श्रीगणराय प्रसन्न. श्रीशारदा, जी पूर्वी पाटीवर वसत असे आणि हल्ली पडद्यावर वस्तीस गेली ऐसे म्हणतात, ती जेथे असेल तेथून प्रसन्न असो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, आषाढमास. त्या समयी एका राज्यात एक त्रेपन्न वर्षांचे मास्तर पुन्हा विद्यार्थी जाहले, त्याचे हे वर्तमान. राज्याचे नाव पुसू नये. सांगितले तर लिहिणाराची बदली होईल आणि लिहिणाराचे गुडघे आता डोंगर चढण्याजोगे राहिले नाहीत. राज्य थोर होते. राजधानीत दरबार, दरबारात कारभारी, कारभाऱ्यांखाली सुभेदार, सुभेदारांखाली केंद्रप्रमुख, केंद्रप्रमुखांखाली मास्तर, आणि मास्तरांखाली शाळेची फुटकी फरशी. राज्याचा रिवाज ऐसा की हुकूम वरून खाली यावयाचा तो एका दिवसात मोबाइलवर येऊन थडके, आणि अर्ज खालून वर जावयाचा तो कोठे गेला हे अर्जासही कळत नसे.

या राज्याचे एका टोकास, धरणाच्या पाण्यापलीकडे, कुंडवाडी म्हणोन वस्ती आहे. अलीकडून होडीत बसावे, पलीकडे उतरावे आणि तासभर चढावे, मग वाडी. तेथे सरकारी शाळा, खोल्या दोन, इयत्ता चार, पोरे एकोणीस. मास्तरांचे नाव हैबतराव वाघचौरे. नाव ऐकोन कोणास वाटेल की मिशीला पीळ देणारे गडी असतील, तर तसे नव्हे. देह किरकोळ, आवाज मऊ, आणि पहिलीतले पोर मोठ्याने रडू लागले की आधी गुरुजीच घाबरत. दरारा होता तो त्यांच्या कुटुंबाचा. कावेरीबाई त्याच शाळेत मास्तरीण. नवराबायकोस एका ठिकाणी नेमावे ऐसे दरबाराचे एक भले फर्मान आहे, त्या फर्मानाने दोघे कुंडवाडीस आले आणि एकोणीस वर्षे राहिले. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. बाईंनी इकडे पाढे म्हणावयास लावले की तिकडे गुरुजींचा भूगोल बुडून जाई आणि गुरुजी भिंतीवर टकटक करीत, "अहो, जरा हळू!" म्हणत, आणि बाई म्हणत, "तुम्हीच जरा मोठ्यानं बोला की!" ऐसा कारभार सुखाने चालला होता. मग प्लव संवत्सरी कार्तिकमासी कावेरीबाईंस ताप आला, होडीत घालून अलीकडे आणिल्या, तालुक्याच्या दवाखान्यात चार दिवस होत्या, आणि पाचवे दिवशी देवाज्ञा जाहली. दरबाराचे दफ्तरी माणूस मेले ऐसे लिहीत नाहीत. पद रिक्त जाहले ऐसे लिहितात. महिनाअखेर तक्ता भरोन पाठवणे ते काम गुरुजींकडेच; तेव्हा मंजूर पदे दोन, कार्यरत एक, रिक्त एक, हे गुरुजींनी आपल्या हाताने लिहिले.

मग एकटे गुरुजी आणि चार इयत्ता. एका खोलीत जावे तर दुसरीत गलबला, दुसरीत जावे तर पहिलीत कोणी कोणाचा कान चावला. गुरुजी दिवसातोन चाळीस वेळा उंबरा ओलांडीत. शाळा सुटली, पोरे पांगली की मग डोंगरावर आवाज तो नाहीच. शेजारच्या खोलीत कोणी नाही हे कानास ठाऊक असूनही गुरुजी शिकवताना भिंतीकडे बघत. सोसवेना, तेव्हा अर्ज केला की दुसरा शिक्षक द्यावा, कोणीही द्यावा, रागीट असला तरी चालेल. उत्तर नाही. दुसरा केला, तिसरा केला, ऐसे सात जाहले. सातवा घेऊन गुरुजी खुद्द केंद्रप्रमुख दौलतराव शेळकंदे यांजकडे गेले. दौलतराव गृहस्थ भला. एकेकाळी मास्तरच होता. पुढे मोटारसायकल आणि केंद्र एकदमच मिळाले, तेव्हापासून त्याने बूड टेकून बसणे सोडले होते. त्याने हेल्मेट न काढिताच अर्ज वाचला आणि म्हणाला, "गुरुजी, खरं सांगू का? साध्या मास्तरचा अर्ज वर कुणी वाचत नाही. तुम्ही ती शैक्षणिक तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी करा. घरी बसून, ऑनलाइन. तंत्रस्नेही म्हणून नाव झालं की दरबारात वजन येतं. वजनदार माणसानं मागितलं की पद मिळतं." गुरुजी म्हणाले, "साहेब, या वयात?" दौलतराव म्हणाला, "वयाचं काय घेऊन बसलात? तुमच्याकडं वेळच वेळ आहे." हे बोलणे त्याने चांगल्या मनाने केले, परंतु गुरुजींस ते होडीत बसेपर्यंत बोचत राहिले. आणि तरीही दुसरा माणूस येईल या एका आशेवर त्यांनी राजधानीच्या विद्यापीठात नाव घातले. पुढे जे केले ते सर्व या एका पदासाठी केले, हे वाचणाराने ध्यानी धरावे.

आता या पदवीची रीत कैसी ते ऐका. गुरू दिसत नाही, गुरुबंधू दिसत नाहीत, घंटा नाही, डबा नाही, बाकावर नाव कोरावे तर बाक नाही. उजाडता गुरुजी शाळेमागच्या खडकावर चढत, कारण मोबाइलला रेंज तेथेच मिळे, आणि पाठ उतरवून घेत. अध्ययन व्यवस्थापन प्रणाली, अनुदेशन संरचना, मिश्र अध्ययन, ऐसे ऐसे शब्द की एकोणीस वर्षे जे काम केले तेच असोन ओळख पटेना. आणि विद्यापीठाचा एक नियम होता की दर आठवड्यास प्रत्येकाने चर्चेच्या फळ्यावर एक मजकूर लिहावा आणि दोन सोबत्यांच्या मजकुरास प्रतिसाद द्यावा; न दिल्यास गुण कापले जातील. गुरुजींस हा नियम फार आवडला. त्यांस वाटले की माणसे भेटतील. पहिल्या आठवड्यास आपला परिचय लिहा म्हणोन आज्ञा जाहली, तेव्हा गुरुजींनी मन मोकळे करोन लिहिले की मी अमुक, शाळा अमुक, माझे कुटुंब याच शाळेत शिकवीत असे, ते गेल्या कार्तिकात वारले, आता मी एकटा आहे, चार वर्ग आहेत, काय करावे हे शिकावयास आलो आहे. लिहोन दोन दिवस खडकावर खेपा घातल्या. तिसरे दिवशी प्रतिसाद आले, एक नव्हे, सतरा आले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचू लागले. पहिल्याने लिहिले होते, "छान मांडणी, सर." दुसऱ्याने, "उपयुक्त माहिती. धन्यवाद." तिसऱ्याने, "खूप सुंदर, सर, असेच लिहीत राहा." ऐसे सतरा. कोणी वाईट नव्हते. सगळेच मास्तर, सगळ्यांचेच मागे शाळा आणि संसार, आणि सगळ्यांसच गुण हवे होते. गुरुजींनीही पुढे कित्येकांस छान मांडणी लिहिले. परंतु त्या दिवशी ते खडकावरून उतरले तेव्हा पोरांनी पुसले, "गुर्जी, डोळ्यात काय गेलं?" तर म्हणाले, "काही नाही रे, ऊन."

ऐसे वर्ष गेले आणि प्रबंधाची वेळ आली. मार्गदर्शक म्हणोन डॉक्टर आश्लेषाबाई नेमल्या गेल्या. बाई हुशार, उत्साही, बोलणे झपाट्याचे. त्यांजकडे चौतीस विद्यार्थी, आणि प्रत्येकास आठवड्यास मोबाइलवर चाळीस मिनिटे, गुरुजींस ती रविवारी मिळत; चाळीस जाहली की सभा आपली आपण बंद पडत असे, मग कोणी अर्ध्या शब्दात असो की अर्ध्या शंकेत. बाईंनी गुरुजींची परिस्थिती ऐकली आणि टाळीच वाजवली. "सर, तुमच्याकडं तर सोनं आहे! एकशिक्षकी परिस्थितीत ध्वनिचित्रपाठांची परिणामकारकता. असा विषय शहरातल्या लोकांना शोधून सापडत नाही." आपल्या दुःखाचा कोणास इतका आनंद जाहलेला गुरुजींनी प्रथमच पाहिला. परंतु बाईंच्या मनात खोट नव्हती, आणि विषयही सरळ होता: गुरुजींनी आपले पाठ मोबाइलवर चित्रित करावे, एका खोलीत ते पडद्यावर चालू द्यावे आणि त्या वेळात दुसऱ्या खोलीत गुरुजींनी स्वतः शिकवावे, आधी पोरांची परीक्षा घ्यावी, सहा आठवड्यांनी पुन्हा घ्यावी आणि फरक मोजावा. अट एकच. पडदा चालू असता गुरुजींनी त्या खोलीत पाऊल ठेवू नये, नाहीतर गुण पडद्यामुळे वाढले की गुरुजींमुळे हे कळणार नाही.

मग गुरुजी रविवारी रिकाम्या वर्गात उभे राहोन चित्रण करू लागले. मोबाइल खडूच्या खोक्यांवर टेकविला, आणि फळ्यासमोर उभे राहोन म्हणाले, "बारा आंबे चौघांत सारखे वाटायचे. प्रत्येकाला किती?" आणि थांबले. सवयच ती. समोर बाक, बाकांवर कोणी नाही, तरी गुरुजी पोर बोटे मोजून उत्तर देईल इतका वेळ थांबत, आणि "शाब्बास!" म्हणत. नंतर आश्लेषाबाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "सर, मधे मधे हे काय होतंय? आवाज जातोय का?" गुरुजी म्हणाले, "नाही मॅडम, ती पोरं विचार करताहेत." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "पोरं नाहीयेत ना पण तिथं. काढून टाका ते. पाठ घट्ट व्हायला पाहिजे." मग गुरुजींनी ते थांबणे काढिले आणि ते शाब्बासही काढिले, आणि अठरा मिनिटांचा पाठ अकरा मिनिटांचा जाहला, आणि घट्ट जाहला.

माघमासी प्रयोग सुरू केला. सौरपट्टीवर चालणारा प्रोजेक्टर गावकीने घेऊन दिला होता. पहिले दोन दिवस पोरांची चैन. भिंतीवर गुरुजी, आणि भिंतीपलीकडेही गुरुजी! तिसरे दिवशी गुरुजी पहिली-दुसरीस बाराखडी घेत होते आणि पलीकडल्या खोलीत त्यांचाच आवाज आंबे वाटीत होता. गुरुजींस त्यातल्या त्यात बरे वाटत असे, की भिंतीपलीकडे कोणी तरी बोलते आहे. तो त्यांस तिसरीतल्या बाळी मेंगाळचा आवाज आला. बाळी म्हणजे पोर चौकस, एकास दोन प्रश्न घालणार. ती पडद्यास पुसत होती, "गुर्जी, पन त्यात येक आंबा नासका निघाला तर?" पडद्यातले गुरुजी पुढल्या उदाहरणावर गेले. बाळीने पुन्हा पुसले, मोठ्याने, "गुर्जी! नासका निघाला तर?" पडद्यातले गुरुजी म्हणाले, "आता आपण वीस चिंचोके घेऊ." मग ती गप्प जाहली. आणि थोड्या वेळाने शेजारणीस हळूच म्हणाली, "गुर्जी रागावलेत गं. बोलतच न्हाईत." हे शब्द भिंतीआडोन गुरुजींचे कानी पडले आणि हातातला खडू हातात राहिला. चाळीस मिनिटांच्या सभा त्यांस ठाऊक होत्या, सतरा जणांची छान मांडणी ठाऊक होती. आपण पुसावे आणि समोरच्याने आपले पुढे बोलत राहावे हे काय असते ते त्यांस पुरतेपणी ठाऊक होते, आणि आता तेच त्यांच्याच तोंडाने, त्यांच्याच मऊ आवाजात, आठ वर्षांच्या पोरीस होत होते. अट, संशोधन, फरक, सगळे विसरोन गुरुजी धावत त्या खोलीत गेले, यंत्र थांबविले, आणि म्हणाले, "रागावलो नाही गं बाळे. नासका निघाला तर उरले किती?" बाळी म्हणाली, "अकरा." "मग चौघांत वाटून बघ." बाळीने बोटे मोजली, पुन्हा मोजली, गुरुजी थांबले. "दोन दोन आन् वर तीन ऱ्हातेत," बाळी म्हणाली, "मंग त्ये तीन कापून द्यायचे का?" गुरुजी म्हणाले, "शाब्बास!" आणि त्या दिवसापासोन अट मोडली ती मोडलीच. रोज पाठ संपला की गुरुजी आत जात. मधेच कोणाचा प्रश्न ऐकू आला तर मधेच जात. शाळा सुटल्यावर ज्यास समजले नाही त्यास घेऊन बसत. पूर्वी चाळीस वेळा उंबरा ओलांडीत, आता साठ वेळा ओलांडू लागले. बाळीस फाल्गुनात भागाकार बाकीसकट येऊ लागला.

सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली तो गुण दुपटीने वाढलेले. गुरुजींनी तक्ते पाठविले आणि रविवारी सभेत आश्लेषाबाई म्हणाल्या, "सर, अहो फरक बघितलात का? माझ्या चौतीस विद्यार्थ्यांत असा निकाल कुणाचा नाही!" गुरुजी चाचरत म्हणाले, "मॅडम, एक सांगायचं होतं. मी मधे मधे त्या खोलीत..." आणि चाळीस मिनिटे जाहली. पडदा काळा. पुढल्या रविवारी बाईंस परदेशी परिषद, त्यापुढल्या रविवारी बत्ती नाही, आणि मग गुरुजींचा धीर गेला. प्रबंध दोनशे साठ पानांचा बांधून रवाना जाहला, आणि त्यात ते मधे मधे आत जाणे कोठेच नव्हते.

मग क्रोधी नाम संवत्सर लागले. श्रावणात मौखिक परीक्षा ठरली आणि तिच्या आधी चार दिवस दौलतराव शेळकंदे खुद्द होडीत बसोन कुंडवाडीस आले. केंद्रप्रमुख डोंगर चढोन आला हेच नवल, आणि आला तो हेल्मेट काढून बसला, तेव्हा गुरुजी समजले की काही बरे नाही. दौलतराव म्हणाला, "गुरुजी, तुमच्या प्रबंधाचं वर कळलंय. कारभारी खूश आहेत. म्हणतात, एक मास्तर आणि एक पडदा, चार वर्ग चालतात आणि गुणही वाढतात, हे सिद्ध झालं. आता वाड्यावस्त्यांवरची दुसरी पदं ठेवायची कशाला? तुमची तोंडी परीक्षा झाली की फर्मान सुटणार. चाळीस शाळा आहेत." गुरुजी म्हणाले, "साहेब, मी हे दुसऱ्या पदासाठीच केलं." दौलतराव खाली पाहत म्हणाला, "मला माहीत आहे हो. मीच सांगितलं होतं तुम्हाला. माझंच चुकलं." आणि गुरुजींनीच त्याची समजूत घातली, चहा पाजला, आणि होडीपर्यंत पोहोचवावयास गेले. येताना वाटेत बसले आणि मोठ्याने म्हणाले, "कावेरी, आपल्या हातानंच बंद केली गं तुझी खोली." आणि रडले. कोणी पाहिले नाही, परंतु लिहिणारास ठाऊक आहे.

चार दिवस गुरुजींनी विचार केला. गप्प राहावे तर पदवी हातची, नाव मोठे, आणि चाळीस पदे जातात. बोलावे तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात, लबाड म्हणवून घ्यावे लागेल, परंतु दुसरा माणूस लागतोच हे वर पोहोचेल. त्यांनी बोलावयाचे ठरविले. परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून खडकावर बसले. पडद्यावर आश्लेषाबाई आणि बाहेरगावचे एक थोर परीक्षक. परीक्षक म्हणाले, "सर, मोबाइल जरा वर धरा, नुसतं आभाळ दिसतंय." गुरुजींनी धरला. प्रश्न जाहले, उत्तरे जाहली, आणि शेवटास परीक्षकांनी रिवाजाप्रमाणे पुसले, "गुणांतली ही वाढ ध्वनिचित्रपाठांमुळेच झाली, असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता?" रिवाजाचे उत्तर होय ऐसे आहे. गुरुजी म्हणाले, "नाही सर." आणि मग त्यांनी बाळीचा प्रश्न सांगितला, नासका आंबा सांगितला, अट कैसी मोडली, किती वेळा मोडली, सर्व सांगितले. म्हणाले, "सर, ही एका शिक्षकाची शाळा नव्हती. एक पडद्यात होता आणि एक पळत होता. पडद्यातल्याला पोरं विचारतात आणि तो बोलत नाही. पोरांना वाटतं गुरुजी रागावले. माझा निष्कर्ष असा आहे की कुंडवाडीला दुसरा माणूस पाहिजे. माझी पदवी गेली तरी चालेल." आश्लेषाबाईंनी डोळे मिटून घेतले. परीक्षक प्रेमाने म्हणाले, "तुम्ही फार प्रामाणिक आहात. पदवी कशाला जाईल? हे पाचव्या प्रकरणात घाला, अभ्यासाच्या मर्यादा म्हणून जो भाग असतो ना, त्यात. एका ओळीत. बाकी काही बदलू नका." गुरुजी म्हणाले, "सर, एका ओळीत कसं मावेल?" परीक्षक म्हणाले, "मावतं. सगळ्यांचं मावतं."

आणि मावले. दोनशे बेचाळिसावे पानी ऐसी ओळ घातली गेली: सदर प्रयोगात संशोधकाचा वर्गातील अनियोजित हस्तक्षेप पूर्णतः टाळता आला नाही. पदवी प्रथम श्रेणीत मिळाली. दरबाराने प्रबंधाचा गोषवारा वाचला; गोषवाऱ्यात मर्यादा घालीत नाहीत. भाद्रपदात फर्मान सुटले, चाळीस शाळांची दुसरी पदे रद्द जाहली, त्यात पहिले नाव कुंडवाडी. महिन्याच्या तक्त्यात आता मंजूर पदे एक, कार्यरत एक, रिक्त काही नाही. गुरुजींस तंत्रस्नेही शिक्षक म्हणोन शाल मिळाली, आणि त्यासोबत आज्ञा जाहली की त्या चाळीस शाळांचे चाळीस एकटे मास्तर तालुक्यास बोलाविले आहेत, त्यांस तुम्ही एक दिवस ही पद्धत शिकवावी.

आश्विनमासी गुरुजी तालुक्याच्या सभागृहात उभे राहिले. हातात पाने पालटावयाची कळ, मागे पडदा, पडद्यावर दौलतरावाच्या कचेरीने तयार केलेले पहिले पान: एक शिक्षक, समर्थ शिक्षक. समोर चाळीस जण. कोणी दोन घाट उतरोन आलेले, कोणी पहाटेच निघालेले, आणि सगळे ऐसे गप्प की जणू बोलावयाची सवयच मोडली होती. गुरुजींनी तासभर सर्व सांगितले, पाठ कसे चित्रित करावे, सौरपट्टीची निगा कशी राखावी, यंत्र तापले तर काय करावे. मग म्हणाले, "काही अडचण असेल तर विचारा." कोणी उठेना. शेवटी मागच्या रांगेतून एक मास्तरीण उठल्या, फुलाबाई गवारी, कड्याखालच्या वस्तीवर नऊ वर्षे एकट्या. पदर सारखा करोन म्हणाल्या, "सर, एक विचारू का? यंत्राचं न्हाई." गुरुजी म्हणाले, "विचारा की, ताई." फुलाबाई म्हणाल्या, "एखाद्या पोराला भागाकार जमला, तर त्या दिवशी तुम्ही सांगता कुणाला?"

गुरुजींनी दोन वर्षांत बत्तीस स्वाध्याय लिहिले, शेकडो प्रतिसाद लिहिले, दोनशे साठ पाने लिहिली, त्यात हा प्रश्न कोणी घातला नव्हता. गुरुजी मंचाच्या कडेस बसले आणि म्हणाले, "कावेरी होती तोवर तिला सांगत होतो. माझं कुटुंब. आता कुणालाच नाही." आणि पुढे म्हणाले, "ताई, आमच्याकडं बाळी मेंगाळ म्हणून पोरगी आहे, तिला भागाकार आला. फाल्गुनात आला. बाकी उरते ती का उरते, हे तिनं आपलं आपण शोधलं. मी अजून कुणालाही सांगितलं नाही." फुलाबाई उभ्याच होत्या, म्हणाल्या, "मग आम्हाला सांगा की." आणि गुरुजींनी सांगितले, आंब्यापासोन सांगितले, चाळीस जणांनी ऐकले, आणि दोन दोन वाटून तीन कापावयाचे येथे आले तेव्हा पुढल्या रांगेतला एक दांडगा मास्तर हुंदका देऊन हसला आणि म्हणाला, "माझ्याकडं एक आहे. तोतरा. परवा आख्खी कविता म्हणाला." मग तो सांगू लागला, मग त्याच्या शेजारचा, मग फुलाबाई. वर्षानुवर्षांचे साठलेले ते. कोणी वाचू लागला होता, कोणी पहिल्यांदा खोटे न बोलता चूक कबूल केली होती, कोणी कधी न बोलणारी पोर एकदाच नाव घेऊन हाक मारून गेली होती. दुपारच्या सत्राची घंटा जाहली, कोणी उठले नाही. दौलतरावांनी दार उघडोन आत पाहिले, काय चालले आहे ते समजले, आणि दार हळूच लावोन घेऊन बाहेर स्टुलावर बसले. पडद्यावर पहिलेच पान सायंकाळपर्यंत राहिले.

सारांश इतकाच. रद्द केलेली पदे दरबाराने परत दिली नाहीत, आणि पुढे देईल ऐसे चिन्ह नाही. त्या दिवशीचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पार पडले ऐसा अहवाल वर गेला, तो दौलतरावांनी लिहिला. चाळीस माणसांनी एक दिवस एकमेकांस आपल्या पोरांची नावे सांगितली, आणि दुसरे दिवशी चाळीसही जण आपापल्या वाडीस एकटे गेले. घडले तैसे लिहिले. ज्यास खोटे वाटेल त्याने होडीत बसोन पाहोन यावे.